कॉलरच्या ओळीची निवडणूक

रविवार, ५ फेब्रुवारी १९७८

ही डायरी बी-बियाणांच्या दुकानातून नाताळात फुकट मिळाली. माझा नवरा हार्लन असता तर त्याने हिच्यात गाईच्या विण्याच्या तारखा लिहिल्या असत्या. जानेवारीभर मी पान उघडलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. परवा घडलं. डार्लाला कामावरून काढलं.

डार्ला आमच्या शर्टांच्या कारखान्यात कॉलरच्या ओळीत, माझ्या आणि ओपलच्या मधल्या मशीनवर बसायची. सातवा महिना चालू आहे. पाय सुजतात, पाठ धरते, मग हात कसा चालणार? आमच्याकडे गठ्ठ्यावर मजुरी. कॉलर शिवून झाल्या की गठ्ठा बांधायचा, कानामागची पेन्सिल काढायची आणि चिठ्ठीवर आपला नंबर टाकायचा. माझा अडुसष्ट, ओपलचा एक्केचाळीस. नंबर नसलेला गठ्ठा पुढे सरकत नाही. दिवसाचा आकडा पुरा झाला नाही तर ताकीद, आणि ताकिदी साठल्या की घरी.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. एखादीला बरं नसलं की बाकीच्या जणी आपल्या एखाद्या गठ्ठ्यावर तिचा नंबर टाकतात. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी आभारही मानत नाही. हार्लन गेला त्या हिवाळ्यात मी मशीनसमोर बसून नुसती सुईकडे बघत राहायची, तरी शुक्रवारी माझा आकडा पुरा निघायचा. चिठ्ठ्यांवर अडुसष्ट लिहिलेलं असायचं आणि आठाचा पोट सुटलेला आकार ओपलचा असायचा. तिच्या आकड्यांना तिचीच वळणं आहेत. चार तर ती वरून उघडा ठेवते, खुर्ची उलटी ठेवल्यासारखा.

डार्लाच्या चिठ्ठ्यांवर दोन-तीन वेगवेगळी अक्षरं सापडली. मॅनेजर मिस्टर हॉलिसने तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, “हे कुणी लिहिलं?” ती म्हणाली, “मीच.” तो म्हणाला, “मग चोर तूच.” ती कात्री टेबलावर ठेवून निघून गेली. आम्ही मान खाली घालून शिवत राहिलो. मीही.

सुटल्यावर गाडीपाशी ओपल म्हणाली, “त्यातला एक गठ्ठा माझा होता.”

मी म्हटलं, “एक माझाही.”

आम्ही तशाच थंडीत उभ्या राहिलो.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

अर्लीनने युनियनला फोन केला. अर्लीन कफच्या ओळीत आहे आणि तिला कशाचंच भय नाही. काल तिच्या घरी बर्निस पेटवे नावाची बाई आली होती. उंच, सावळी, पायात पुरुषी बूट. कॅरोलायनातल्या एका कारखान्यात वीस वर्षं खिसे शिवले आणि आता युनियनसाठी गावोगाव हिंडते. मला वाटलं होतं भाषण करील. तिने आधी अर्लीनच्या शेंगांच्या आमटीत आणखी मीठ मागितलं.

मग म्हणाली, “युनियनच्या कार्डावर सही करणं म्हणजे लग्न नव्हे, बायांनो. पुरेशा सह्या झाल्या की सरकारी माणूस येतो, पेटी ठेवतो, आणि तुम्ही गुपचूप मत देता. हो किंवा नाही. ‘हो’ जास्त झाले तर हॉलिसला तुमच्यासमोर खुर्चीत बसून बोलावं लागेल. तुम्हाला उभं करून नाही.”

मी सही केली. घरी येताना वाटलं, आपण हे काय करून बसलो. टेनेसीच्या या डोंगरात दुसरा कारखाना नाही.

रविवार, १२ मार्च

आज ओपलकडे गेले होते. कार्ड पर्समध्ये होतं. ती ओसरीवर बसून रोपांसाठी डबे भरत होती. मी कार्ड पुढे केलं तर हाताची माती दाखवून म्हणाली, “नको गं. कर्टिस.”

कर्टिस तिचा मुलगा. गेल्या वर्षी सुपरवायझर झाला. त्यांच्या घरात टाय बांधणारा पहिलाच माणूस. ओपलने त्याला एकटीने वाढवला, कॉलरी शिवून. मला तो लहानपणापासून नेवामावशी म्हणतो, अजूनही म्हणतो, फक्त कारखान्यात मिसेस स्टिल्टनर म्हणायला लागलाय आणि तसं म्हणताना लाल होतो.

“हॉलिसने त्याला सांगितलंय,” ओपल म्हणाली. “आपली आई सांभाळता येत नसेल तर ओळ काय सांभाळणार, असं. म्हणून पोराने माझ्याकडून शब्द घेतला. बायबलवर हात ठेवून. पेटीत ‘नाही’वरच फुली मारीन म्हणून.”

“आणि तू दिलास?”

“दिला.”

“आत कोण बघतंय, ओपल? पडद्याआड काय केलंस ते कर्टिसला कसं कळणार?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच खजील झाले. “मला कळेल ना,” म्हणाली. “मी त्याला आजवर एकदाही खोटं सांगितलेलं नाही. बाप कुठे गेला तेसुद्धा खरं सांगितलं. मी ‘नाही’वरच फुली मारणार, नेवा. तू त्यावर माझ्याशी भांडू नकोस.”

मी भांडले. डार्लाचं नाव घेतलं. तिच्यासाठी गठ्ठा चालला, तिच्यासाठी मत चालत नाही, असं काहीसं बोलले. ओपल डबे भरत राहिली. मी निघाले तशी म्हणाली, “टोमॅटोची रोपं तुझीही लावलीत, मे महिन्यात ने.” मी पर्स उचलली आणि चालू लागले.

बुधवार, २९ मार्च

माझं मशीन हलवलं. आता मी थेट सुपरवायझरच्या टेबलासमोर बसते, दाराच्या वाऱ्यात. पाणी प्यायला उठले तरी विचारायचं. कर्टिस मान वर करत नाही, नुसतं “हं” म्हणतो.

अर्लीन जाता जाता म्हणाली, “मानाची जागा दिली की तुला. राणीसारखी बस.”

शुक्रवार, ७ एप्रिल

मिस्टर हॉलिसने मशिनं बंद करून सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. युनियन आली की कारखाने मेक्सिकोला जातात, म्हणाला. आपण एक कुटुंब आहोत, म्हणाला. कुटुंब म्हणताना त्याचा आवाज भरून आला, आणि मला वाटतं तो खरंच भरून आला होता. मग प्रत्येकीला एक-एक हॅम वाटलं, ईस्टरला खातात ती डुकराची मांडी, लाल फीत बांधून.

आम्ही घेतलं. अर्लीनने युनियनचा बिल्ला छातीवर लावूनच हात पुढे केला आणि म्हणाली, “देव तुमचं भलं करो, साहेब. ईस्टर झाला की हॅम, म्हणजे पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नाताळ का?” सगळ्या हसल्या. हॉलिसही हसला, उशिरा.

पण मेक्सिकोचं ऐकून बऱ्याच जणींचे चेहरे उतरले. माझाही उतरला असेल. हॅम मात्र चांगलं होतं. अर्धं डार्लाकडे पोचवलं. तिला मुलगी झालीय.

शुक्रवार, १४ एप्रिल

आठवडाभर अंगात ताप होता. हात जड. मला ठाऊक होतं की आकडा पुरा होणार नाही, आणि झाला नाही की हॉलिसला हवं ते मिळणार. आज घाबरत घाबरत यादी बघितली तर अडुसष्टपुढे आकडा पुरा. वर थोडं शिल्लकच.

अर्लीनला गाठून म्हटलं, “तू कशाला जीव धोक्यात घालतेस?”

ती म्हणाली, “मी कुठे? मी कफ शिवते, बाई. कॉलरी कुठून आणू?”

ती अशीच आहे. चांगलं केलं की कबूल करत नाही. कॉलरच्या ओळीत कुणाला तरी सांगून तिनेच करवलं असणार. चिठ्ठ्या बघायला मिळाल्या असत्या तर अक्षर ओळखलं असतं, पण त्या हिशेबाला वर गेल्या होत्या. ओपलशी महिनाभर बोलणं नाही. आज ती माझ्या टेबलावरून गेली तेव्हा तिचं मनगट फडक्याने बांधलेलं दिसलं. विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

रविवार, ३० एप्रिल

गुरुवारी मतदान. आज प्रार्थनेनंतर चर्चच्या खालच्या खोलीत बर्निसने रंगीत तालीम घेतली. बुटांचं खोकं म्हणजे पेटी, टेबलक्लॉथ म्हणजे पडदा. नमुन्याच्या मतपत्रिका वाटल्या. दोन चौकोन, हो आणि नाही. पेन्सिल घ्या, एका चौकोनात फुली मारा, घडी घाला, टाका. आम्ही एकेक जण पडद्याआड जाऊन आलो.

बर्निसने खोकं उपडं केलं, एकेक घडी उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला.

“हे काय आहे? सत्तावीस? हे कोण, त्र्याऐंशी? आणि ही अडुसष्ट कोण?”

अडुसष्ट मी. फुली मारली, पेन्सिल हातात होती, हाताने आपोआप खाली नंबर टाकला. मला ठाऊकही नाही कधी टाकला तो. दोघी-तिघींचं तेच झालं. इतकी वर्षं कागद दिसला की नंबर, नाहीतर मजुरी बुडाली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. बर्निस हसत नव्हती.

“नीट ऐका,” ती म्हणाली. “मत गुप्त असतं. कुणाचं ते ओळखू येईल अशी कसलीही खूण कागदावर दिसली, नाव, नंबर, काहीही, की ते मत बाद. हो असो, नाही असो. सरकारी माणूस ते मोजतच नाही, बाजूला ठेवतो. जणू ती बाई आलीच नव्हती. आणि बरोबरी झाली तर आपण हरलो, हेही लक्षात ठेवा. तुमच्या सवयीपायी हे घालवू नका.”

आतल्या स्वयंपाकघरात इतका वेळ बशा धुण्याचा आवाज येत होता, तो थांबला. आज भांड्यांची पाळी ओपलची होती. खिडकी उघडीच होती. म्हणजे ती ऐकत होती. आता कर्टिसला सगळं जाऊन सांगणार, असं मनात आलं आणि माझा जीव कडू झाला. थोड्या वेळाने बशांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मतदानाच्या टेबलावर आमच्या बाजूने एक जण बसावी लागते. नावं ओळखायला आणि मोजणीला. मला वाटलं अर्लीन बसेल. अर्लीन म्हणाली, “मी बसले तर तोंड उघडीन आणि निवडणूकच रद्द होईल. नेवाला बसवा. सगळ्या तिच्याकडेच बघत असतात.” मी मागे वळून बघितलं की कुणाकडे बघतायत. सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

बुधवार, ३ मे

नवा झगा इस्त्री करून ठेवला. हरलो तर काय, हा विचार मनातून जात नाही. हरलो तर शुक्रवारी मी त्याच दाराच्या वाऱ्यात बसलेली असेन आणि मला कुणाचीच पाठ दिसणार नाही, नुसता कर्टिसचा टाय. यापुढे कुणी कुणाला गठ्ठा देणार नाही. मला भीती त्याची वाटते.

गुरुवार, ४ मे

जसं झालं तसं लिहून काढते.

सरकारी माणूस पोरगेलासा, टाय आखूड. त्याने रिकामी पेटी आम्हाला दाखवली आणि चिकटपट्टीने बंद केली. माझ्या शेजारी कंपनीच्या बाजूने कटिंगमधली ग्लेनिस बसली. कटिंगवाल्यांना आमच्यासारखे नंबर नसतात, त्यांचा पगार ठरलेला. ती चांगली बाई आहे. मला पेपरमिंट दिलं.

ओळी एकेक करून आल्या. आपापल्या नावापुढे टिक लागताना बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, मीही नाही. फाटकाबाहेर डार्ला बाळाला घेऊन उभी होती. तिला मत नव्हतं, पण येणारी प्रत्येक जण तिच्यापाशी थांबून बाळाचे पाय बघून येत होती. ओपलही थांबली. खिडकीतून दिसलं मला.

कॉलरची ओळ आली तेव्हा मी आधी सगळ्यांच्या कानाकडे बघितलं. पेन्सिली काढून ठेवल्या होत्या, मी सांगितलं तसं. ओपलच्या कानामागे मात्र होती. ती पडद्याआड गेली. जरा वेळ लागला तिला. बाहेर आली, घडी पेटीत टाकली आणि कर्टिस दारापाशी उभा होता त्याच्याकडे सरळ बघत निघून गेली. शब्द पाळला तिने. पाळणारच होती.

मोजणी जेवणाच्या खोलीत. तो पोरगा एकेक कागद उघडायचा, आम्हाला दाखवायचा आणि मोठ्याने म्हणायचा. हो. नाही. नाही. हो. बर्निस भिंतीला टेकून उभी, हॉलिस खुर्चीत. दोन्ही गठ्ठे सारखेच वाढत होते. माझ्या तोंडातलं पेपरमिंट केव्हाच संपलं होतं.

मग एका कागदापाशी तो थांबला. मला आणि ग्लेनिसला जवळ बोलावलं. ‘नाही’च्या चौकोनात सुरेख फुली, रेघेबाहेर कुठे न गेलेली. आणि खाली, मधोमध, आकडा. एक्केचाळीस. चार वरून उघडा.

“हे तर ‘नाही’ आहे,” ग्लेनिस म्हणाली. “आंधळ्यालाही दिसतंय.”

“कुणाचं ते ओळखू येईल अशी खूण आहे, ताई. बाद.” त्याने तो कागद बाजूला ठेवला, पालथा.

मी नजर टेबलावरच ठेवली. मान वर केली असती तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं. बिचारी ओपल. एवढा बायबलवर हात ठेवला, पोरासाठी मैत्रीवर पाणी सोडलं, आणि शेवटी हाताने दगा दिला. माझं तालमीत झालं म्हणून हसण्यावारी गेलं. तिला तर कुणी तालीम दिली नव्हती.

शेवटचा कागद उघडला. सरकारी माणसाने दोन्ही गठ्ठे पुन्हा मोजले, मग तिसऱ्यांदा. एकाहत्तर हो. सत्तर नाही. एक बाद.

मग अर्लीनने दारातून मागच्या बायकांना फक्त मान हलवून सांगितलं आणि बाहेर मशिनांच्या खोलीत टाळ्या सुरू झाल्या. मग एका तालात कात्र्या टेबलावर आपटणं. हॉलिस उठला आणि ग्लेनिसला कोट दे म्हणाला, तर ग्लेनिस म्हणाली, “तो खुंटीवर आहे, साहेब.” असं ती आधी कधी म्हणाली असती असं वाटत नाही.

मी बाहेर आले तर सगळ्या उभ्या होत्या. मला कुणी उचललं वगैरे नाही. अर्लीनने माझ्या झग्याची कॉलर सरळ केली. एवढंच. आणि मला रडू आलं. आयुष्यात दोनदा मला एवढा अभिमान वाटलाय, आणि पहिल्यांदा वाटला तेव्हा हार्लन शेजारी होता.

घरी येताना सारखं मनात येत होतं, तो एक कागद मोजला असता तर बरोबरी. बरोबरी म्हणजे हार. ओपलच्या हाताच्या सवयीवर आमचं सगळं तरलं. देवाची कामं, दुसरं काय.

रविवार, ७ मे

ओपलकडे गेले. मीच गेले. जिंकणाऱ्याने जायचं असतं.

ती वाफ्यात होती. मला बघून म्हणाली, “उशीर केलास, रोपं वाढून आडवी पडलीत.” आम्ही दोघींनी मिळून ती डब्यातून काढली. कर्टिस ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होता. टाय नव्हता.

“नेवामावशी,” तो म्हणाला, “अभिनंदन.” मग आईकडे बघून, जरा मोठ्याने, “आईने मात्र शब्द पाळला. मी विचारलं, तिने सांगितलं. ‘नाही’वर फुली मारली.”

“मारली,” ओपल म्हणाली. “चौकोनाच्या बरोबर मध्ये.”

“मला माहितेय,” मी म्हटलं आणि जीभ चावली. पण कर्टिसने वर्तमानपत्र पुन्हा वर केलं होतं.

मनात ठरवून टाकलं. तिचं मत कचऱ्यात गेलं हे मी तिला कधीच कळू देणार नाही. टेबलावर काय बघितलं ते टेबलावरच राहिलं. माणसाने आपला शब्द एवढ्या जिवापाड पाळावा आणि तो कुठे पोचलाच नाही हे त्याला दुसऱ्याने का सांगावं?

“तुझ्यावर उगाच चिडले मी,” मी म्हटलं.

“उगाच कशाला? नीट चिडलीस,” ती म्हणाली. तिचा चेहरा उन्हाने की कशाने इतका हसरा होता की मला अजूनच वाईट वाटलं.

सोमवार, ८ मे

माझं मशीन परत ओळीत आलं. कुणी सांगितलं ठाऊक नाही. सकाळी आले तर होतं तिथे, ओपलच्या शेजारी, मध्ये डार्लाची रिकामी जागा. ती जागा कुणाला द्यायची नाही असं सगळ्यांनी ठरवलंय. बोलणी सुरू झाली की डार्लाचा विषय पहिला. बर्निसने लिहून घेतलंय.

ओपलचं मनगट अजून दुखतं. आकडा मागे पडत होता. दुपारी मी माझा एक गठ्ठा बांधला, चिठ्ठीवर एक्केचाळीस लिहिलं आणि तिच्या पाटीत सरकवला. कर्टिस तिथेच होता. त्याने बघितलं, आणि मग खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा खिडकीकडे गेला.

ओपलने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. “हा कसला चार? माझा नाही हे कुणीही ओळखेल,” म्हणाली. कानामागची पेन्सिल काढली, माझा चार खोडला आणि आपला लिहिला, वरून उघडा.

मग माझ्याकडे बघितलं, जरा वेळ बघतच राहिली. “नेवा,” म्हणाली, “तीस वर्षांत मी एकही नंबर चुकून लिहिलेला नाही.”

मी मान डोलावली. एवढा अभिमान आहे तिला आपल्या हाताचा. तो मी मोडायचा नाही. “ठाऊक आहे मला,” म्हटलं, आणि पुढची कॉलर सुईखाली घेतली.